ड्राफ्ट घरी येतो, बाप येत नाही

गिरगावातील खोताची वाडी आता फोटो काढण्याची जागा झाली आहे. सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन मंडळी येतात, लाकडी जिने, रंगवलेले कठडे, कौलारू छपरे आणि क्रूस यांची छायाचित्रे काढतात आणि जुनी मुंबई किती देखणी होती असे म्हणत परत जातात. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती वसली, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तिथे तुकडे घेऊन घरे बांधली, हा इतिहास त्यांना ऐकवला जातो. एकेकाळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरे आता तिसाच्या आत आली आहेत, हेही सांगितले जाते. घरे कमी का झाली असे विचारले की बिल्डरांकडे बोट दाखवले जाते.

बिल्डरांकडे बोट दाखवणे चूक नाही. पण ते अर्धेच उत्तर आहे. बिल्डर येतो तेव्हा त्या घरात बहुतेक वेळा एखादी म्हातारी नाहीतर एखादे वृद्ध जोडपे उरलेले असते. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, धाकटा ऑस्ट्रेलियात. घर सांभाळायला माणूस नाही, छप्पर शाकारायला पैसा आला तरी उभे राहून काम करून घेणारा कोणी नाही. वारसांच्या सह्या तीन देशांतून गोळा होतात आणि घर जाते. घर पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी ते घर रिकामे झालेले असते. आम्हाला या लेखात त्या रिकामे होण्याविषयी बोलायचे आहे.

ही वाडी आपली नाही, तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांचे आपल्याला काय, असे एखादा वाचक म्हणेल. आमचे म्हणणे असे की, ज्या व्यवस्थेने ही घरे रिकामी केली तिनेच रत्नागिरी जिल्ह्यातील आमची घरेही शंभर वर्षांपूर्वी रिकामी केली होती. धर्म वेगळा, जात वेगळी, समुद्र ओलांडला की घाट ओलांडला एवढाच काय तो फरक. तेव्हा हा प्रश्न परका मानण्याचे काही कारण नाही.

प्रथम गिरगावचेच पाहू. 'ईस्ट इंडियन' हे नावच मुळी स्थलांतराच्या स्पर्धेतून आले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून मुंबईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी हे नाव घेतले. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे सर्वांत जुने प्रजाजन आहोत, हे सरकारला सांगायचे होते. कारण गोव्याहून आणि मंगळूरहून येणारे ख्रिस्ती त्याच कचेऱ्यांत, त्याच नोकऱ्यांसाठी रांगेत उभे राहू लागले होते. पोट भरण्यासाठी आलेला माणूस आणि आधीपासून असलेला माणूस यांच्यात भांडण लावून देणे या शहराला नवे नाही.

खोताच्या वाडीतून बाहेर पडून धोबी तलावाकडे चालत गेले की जेर महाल लागतो. त्या इमारतीत आणि आसपास गोवेकरांचे क्लब आहेत. त्यांना ते 'कूड' म्हणतात. एकेका गावाचे एकेक कूड. बोटीवर चढण्याआधी आणि बोटीवरून उतरल्यावर गावचा माणूस तिथे राही. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, जमिनीवर अंथरूण, गावच्या संताची तसबीर आणि रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. शहरात एकटा आलेला माणूस वाया जाऊ नये, दारूत बुडू नये, गावाच्या नजरेत राहावा यासाठी गावाने केलेली ही तजवीज होती. व्यवस्था चांगलीच होती. पण त्या कुडात एकच गोष्ट नव्हती. तिथे बायकामुलांना जागा नव्हती. ती गोव्यातल्या गावी राहत.

पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांना गोव्याचा स्वयंपाकी आणि वाढपी हवा होता. डेकवर कोकणी मुसलमान खलाशी हवा होता. त्याची बायको नको होती, त्याची मुले नको होती, त्याचे म्हातारपण तर मुळीच नको होते. वर्ष-वर्ष घराबाहेर राहणाऱ्या या माणसाला गोव्यात 'तारवटी' म्हणतात. कोकणी तियात्र, ज्याचा जन्म १८९२ साली मुंबईतच झाला, त्या रंगभूमीवर तारवटी आणि त्याच्या मागे राहिलेली बायको पुन्हा पुन्हा येत राहिली. १९६६ साली आलेल्या 'निर्मोण' या कोकणी चित्रपटाची कथाच अशी की, समुद्रावर गेलेला नवरा मेला असे समजून बायको दुसरे लग्न करते आणि मग तो परत येतो. प्रेक्षकांना ही गोष्ट अद्भुत वाटली नाही. कारण 'तो परत येईल का' हा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात रोज होता.

आता गिरगाव सोडून परळ-लालबागकडे या. इथे कुडाच्या जागी 'गावाची खोली' होती. दहा बाय दहाच्या खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. जेवण खानावळीत. ही खानावळ चालवणाऱ्या बाया घरच्या चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करीत आणि महिनाअखेरीला पैशासाठी थांबत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाला नाव मिळाले. गिरणी कामगाराचा इतिहास लिहिताना संपाचा, मोर्चाचा, पुढाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला. कोकणात मनीऑर्डरची वाट पाहत भातलावणी करणाऱ्या बाईचा इतिहास कोणी लिहिला?

आणि आमचा माणूस? त्याला गिरणीतही चांगल्या पगाराचे साचेखाते बंद होते. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने इतरांना विटाळ होई, म्हणून! बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या संपाच्या काळात पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. कमी पगाराच्या खात्यात राहिलेल्या माणसाला बिऱ्हाड मुंबईला आणणे आणखी अवघड होते. जात अशी पगारात शिरते आणि पगारातून घरात शिरते. बायको कुठे राहील, मूल बापाजवळ वाढेल की आजीजवळ, हे जात ठरवते.

आम्हाला या ठिकाणी मुख्य मुद्दा मांडायचा आहे. ताटातुटीला आपल्याकडे नशीब म्हणतात. 'पोटासाठी जावे लागते, काय करणार' असे म्हणून आपण गप्प बसतो. पण नीट पाहिले तर ही ताटातूट नशिबाने होत नाही, ती नियमाने होते. आखाती देशांत कुटुंब सोबत नेण्याचा परवाना पगारावर अवलंबून आहे. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी महिना ४,००० दिरहम, किंवा राहण्याची जागा मालकाची असेल तर ३,००० दिरहम पगार लागतो. कुवेतने २०२४ साली ही अट ८०० दिनारांवर नेली, आणि त्याच कुवेतमध्ये तेव्हा खासगी नोकरीतले किमान वेतन ७५ दिनार होते! म्हणजे इंजिनीअर आपल्या बायकामुलांसह राहतो, मुलाला शाळेत घालतो. त्याच इमारतीचे सेंट्रिंग करणारा मात्र कॅम्पमधल्या बंकवर झोपतो. बोटीवरही तेच. अधिकाऱ्याची पत्नी काही महिने सोबत जाऊ शकते, खलाशाची सहसा नाही. कॅनडाला कायमचा जाणारा डॉक्टर कुटुंब घेऊन जातो. एकत्र राहण्याचा हक्क ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला, आणि विरह गरिबाला, अशी ही वाटणी आहे.

यात मालकाचा फायदा उघड आहे. एकट्या माणसाला एक खाट पुरते. त्याला शाळा, दवाखाना, स्वतंत्र खोली द्यावी लागत नाही. त्याची मुले वाढवण्याचा खर्च गावातली बाई सोसते, त्याच्या आईबापांची सेवा तीच करते, आणि तो आजारी होऊन परतला की त्याला सांभाळतेही तीच. तिच्या या फुकट कष्टांवर परदेशातला मजूर स्वस्त पडतो. तिचे नाव मात्र कोणत्याही करारावर नसते.

फिलिपिन्स या देशाने हा धंदा सरकारी पातळीवर केला. हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीत १९७४ सालच्या कामगार कायद्याने माणसे परदेशी पाठवणे हे सरकारचे धोरण झाले. १९८२ साली तर पगाराचा ५० ते ८० टक्के भाग बँकेमार्फत मायदेशी पाठवलाच पाहिजे असा हुकूम निघाला. कामगारांनी संघटित विरोध केला तेव्हा त्यातली शिक्षेची कलमे मागे घ्यावी लागली. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या मोलकरणींना 'नव्या वीर' ही पदवी दिली. पदवी द्यायला खर्च येत नाही. १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर काँटेम्प्लासियोन या मोलकरणीला सिंगापूरने फाशी दिले. ती चार मुलांची आई होती. सारा देश रस्त्यावर आला आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा सरकारला करावा लागला. आज त्या देशाचे सुमारे एक कोटी लोक बाहेर आहेत. त्यांच्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. मनिलाजवळच्या खेड्यातली आई हाँगकाँगमध्ये दुसऱ्याचे मूल न्हाऊ घालते आणि तिचे मूल तिची आई न्हाऊ घालते. ज्या प्रवासी बोटींवर गोव्याचा मुलगा वाढपी आहे, त्याच बोटींवर हा फिलिपिनो त्याच्या शेजारच्या बंकवर आहे. दोघेही मोबाइलवर आपल्या मुलांचे वाढदिवस पाहतात.

आपल्या देशाकडे वळू. २०२४ मध्ये भारतात बाहेरून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. जगात पहिला क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे २० टक्के, महाराष्ट्रात येतो. केरळपेक्षाही थोडा जास्त. यात बड्या पगारदारांचा पैसा मोठा आहे हे खरे. तरीही केरळने १९९६ साली 'नोर्का' हे स्वतंत्र खाते काढले, परतलेल्यांसाठी कल्याण मंडळ आणि पेन्शन उभी केली. महाराष्ट्रात त्या तोडीचे काहीही उभे राहिले नाही. पैसा घ्यायला पहिले, माणूस विचारायला मागे!

पैशाचा आकडा कळतो. घराने काय मोजले त्याचा आकडा नाही. म्हणून आम्ही ते शब्दांत मांडतो.

पहिली किंमत कर्जाची. एजंटाला द्यायचे पैसे बायकोचे मंगळसूत्र मोडून, जमीन गहाण टाकून, सावकाराकडून उचलले जातात. पहिली वर्ष-दोन वर्षे जे पैसे येतात ते घरात थांबतच नाहीत, व्याजात जातात. त्या काळात पगार अडकला तर घरच बुडते.

दुसरी किंमत बाईची. नवरा नसताना ती घर चालवते, शेती पाहते, रेशनच्या रांगेत उभी राहते, मुलाच्या शाळेत जाते. पण पैसे येतात सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या खात्यावर. पूर्वी ड्राफ्ट त्यांच्या नावाने येई, आता मोबाइलवर संदेश त्यांच्या फोनवर येतो. स्वतःच्या संसाराच्या पैशासाठी तिला हात पसरावा लागतो. वर सगळ्या गावाची नजर तिच्यावर. ती कोणाशी बोलली, बाजारातून किती वाजता आली, फोन कोणाचा होता, हे सांगणारी पत्रे पूर्वी दुबईला जात. आता तेवढेही थांबावे लागत नाही. हजारो मैलांवरून तिच्या चारित्र्याचा पंचनामा होतो. नवऱ्याच्या चारित्र्याविषयी विचारण्याची मात्र आपल्या समाजात पद्धत नाही.

तिसरी किंमत मुलांची. बाप म्हणजे दोन वर्षांनी येणारा, सुटकेसमधून खेळणी काढणारा पाहुणा. महिनाभर लाड करतो, मूल जवळ यायला लागते तोच निघून जातो. थोरली मुलगी वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी घरातली दुसरी आई होते आणि शाळेत मागे पडते. मुलाच्या हातात पैसा येतो, धाक येत नाही. दहावी होण्याआधीच तो म्हणतो, शिकून काय करू, पासपोर्ट काढा. ज्या समाजाला 'शिका' हा पहिला मंत्र मिळाला, त्या समाजात परदेशच्या पैशाने शाळा सुटत असेल तर तो पैसा महाग आहे.

चौथी किंमत म्हाताऱ्यांची. आईच्या मातीला मुलगा पोचत नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, रजा मिळत नाही, तिकिटाचे पैसे नसतात. २०२० च्या कोरोनाकाळात जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. त्यांच्या घरी काय काय घडून गेले असेल याची कल्पना करावी. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली ४५ भारतीय होती. वायुदलाच्या विमानातून शवपेट्या आल्या, मंत्री विमानतळावर गेले, छायाचित्रे छापून आली. त्या पेट्या ज्या घरांत गेल्या त्या घरांच्या पुढच्या वर्षांची बातमी कोण देणार?

बाई स्वतः परदेशी जाते तेव्हा सरकारला अचानक तिची काळजी वाटू लागते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते. अशा स्त्रीला आखातात कामाला जायचे तर वय तीसच्या वर हवे आणि २०१६ पासून सरकारी संस्थांमार्फतच जावे लागते. हेतू चांगला असेल. पण तीस वर्षांच्या आतल्या विधवेने काय खावे, याचे उत्तर त्या नियमात नाही. मग एजंट तिला पर्यटक म्हणून पाठवतो, आणि कागदावर ती कामगारच नसते. बंदी घातल्याने भूक थांबत नाही, एवढे तरी सरकारला कळायला हवे.

मागे राहणारीच्या कष्टाची किंमत आमच्या चळवळीला वेगळी समजावून सांगायला नको. बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत होते, पुढे लंडनला गेले. त्या काळात परळच्या चाळीतला संसार रमाईने ओढला. पाच अपत्यांपैकी चार त्यांना गमवावी लागली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी पुढे आपला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण करताना त्यांच्या सोसण्याची कृतज्ञतेने नोंद केली. ज्ञानासाठी झालेला तो प्रवास आणि आजच्या मजुराचा प्रवास एक नव्हेत. पण घर सांभाळणारीचे ऋण नावानिशी लिहून ठेवायचे असते, हा धडा त्यातून घ्यावा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला तेव्हा त्यांचा मुद्दा स्पष्ट होता. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा. आणि स्त्रीच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा सोसावा. कामगार म्हणजे केवळ दोन हात नव्हेत, त्यामागे एक घर आहे, आणि त्या घराचा खर्च श्रमाच्या खर्चातच धरला पाहिजे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. हेच तत्त्व परदेशी जाणाऱ्या मजुराला का लावू नये?

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे मसुदे २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली जाहीर झाले. या निमित्ताने आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, खलाशाच्या पगाराचा ठरावीक भाग थेट घरी देण्याची तरतूद १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात करण्यात आली होती. तशीच आखातात जाणाऱ्या प्रत्येक मजुराच्या करारात असावी आणि तो भाग पत्नीच्या स्वतःच्या खात्यावर जावा. दोन, कराराची आणि विम्याची मराठी प्रत घरी मिळाली पाहिजे. ईसीआर मजुराचा दहा लाखांचा विमा असतो, हे कित्येक घरांना माणूस गेल्यावरही कळत नाही. तीन, महाराष्ट्राने 'नोर्का'सारखी यंत्रणा उभारून तिची खिडकी तालुक्याच्या गावी उघडावी. चार, अशा घरांतील मुलांना, विशेषतः मुलींना, वसतिगृहात प्राधान्य मिळावे. पाच, स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० सालचा करार फिलिपिन्सने १९९५ मध्येच मान्य केला, भारताने अजून त्यावर सहीसुद्धा केलेली नाही. ती करावी. त्या कराराच्या नावातच 'कुटुंबीय' हा शब्द आहे, हे लक्षात घ्यावे.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या वस्तीत, मंडळात, विहारात आपण आजपासून काही करू शकतो. कोणत्या घरातला माणूस बाहेर आहे, कोणत्या एजंटामार्फत गेला, त्याचा परवाना आहे का, कराराची प्रत घरी आहे का, याची एक वही ठेवता येते. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर तपासता येतो. पैसे भरण्याआधी शिकलेल्या मुलांनी तो तपासून द्यावा. त्या घरातल्या बाईच्या नावाने खाते उघडून द्यावे. आणि नवरा बाहेर असलेल्या बाईकडे संशयाने पाहणाऱ्यांना चारचौघांत थांबवावे. हे काम बायकांनीच करावे असे नाही, पुरुषांनी आधी करावे.

खोताच्या वाडीतली उरलेली घरे वाचवण्यासाठी लोक धडपडत आहेत, त्यांना यश येवो. पण लाकूड आणि कौले वाचवून वाडी वाचणार नाही. माणसाला आपल्या घरात राहून पोट भरता आले पाहिजे, आणि बाहेर जावेच लागले तर घर सोबत नेता आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी इंजिनीअरला मिळतात, मग गवंड्याला का मिळू नयेत, हा प्रश्न आम्ही विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.